वर्गणीच्या पलीकडले कर्तव्य

(भातकुली येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर पीकविमा आहे, खारपाणपट्ट्यातील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, सोयाबीनचा आणि कापसाचा भाव आहे. या विषयांच्या रांगेत मी एका घरातल्या आजारपणाविषयी बोलण्याची परवानगी मागितली, तेव्हा काही साथींना आश्चर्य वाटले. आजार ही ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट; तिथे फार तर विचारपूस करावी, जमेल तशी मदत करावी, पण संघटनेच्या बैठकीत तिचे काय काम, असा आपला समज आहे. हा समज परवापरवापर्यंत माझाही होता. तो कसा मोडला, हे आधी सांगतो. त्यात आमचीच चूक आहे, आणि ती चारचौघांत कबूल केल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच तालुक्यातले एक गाव. गावाचे आणि घराचे नाव मी सांगणार नाही, कारण एकदा आम्ही त्या घराला सभेत उभे केले आहे, ते पुन्हा करावयाचे नाही. अडीच एकर कोरडवाहू जमीन, नवराबायको दोघेही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी, थोरली मुलगी नववीत आणि धाकटा मुलगा चौथीत. त्या माउलीच्या छातीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिने ती मृगाच्या पेरणीपासून लपविली. आधी निंदण आटोपू दे, मग मूग-उडीद घरात येऊ दे, मग सोयाबीनची सोंगणी होऊ दे, असे करीत दिवाळी उलटली. दवाखान्यात गेली तेव्हा रोग काखेपर्यंत पोहोचला होता.

बातमी कळताच आम्ही कामाला लागलो. चार दिवस बाजारात आणि गावोगावी फिरलो आणि ४१,००० रुपये जमविले. आमच्या तालुक्याच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. मग एक छोटी सभा घेतली, त्या माणसाला मंचावर बोलाविले, पाकीट हाती दिले, छायाचित्र काढले, आणि आपण समाजवादी कार्यकर्ते असल्याचे समाधान घेऊन घरोघर गेलो. आमच्या लेखी काम संपले होते. वस्तुतः त्या घराचे दिवस तेथून सुरू झाले होते.

शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून झाली. तिला पैसे पडले नाहीत. उपचारांत कोणी कसूर केली, अशीही माझी तक्रार नाही. पण शस्त्रक्रियेनंतर दर तीन आठवड्यांनी औषधांची सलाइन आणि त्यानंतर किरणोपचार, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, असे कित्येक आठवडे. इतक्या लांब रोज जाऊन येणे शक्य नव्हते. नवरा तिच्याबरोबर शहरी राहिला. आमचे ४१,००० रुपये खोलीच्या भाड्यात, दोन माणसांच्या जेवणात, रिक्षात आणि बाहेरून आणावयाच्या औषधांत गेले. इकडे वेचणीला माणूस नव्हते, कापूस झाडावरच राहिला. शेळ्या विकल्या. मुलीने दुसऱ्या सत्रात शाळा सोडली, कारण म्हातारी आजी, धाकटा भाऊ आणि चूल या तिन्ही गोष्टी तिच्यावर आल्या. पुढच्या आषाढात आई गेली.

गेल्या वर्षी ती मुलगी मला एका शेताच्या बांधावर भेटली. बायांबरोबर निंदणाला आली होती. मी शाळेविषयी विचारले. तिने रागाने नव्हे, अगदी साधेपणाने उत्तर दिले : "काका, पैसे तं भेटले होते. पन सकायी चूल कोन पेटवन, हे कोनी पुसलं नाही."

साथींनो, माझे आजचे सारे भाषण या एका वाक्यावर आहे.

कर्करोग हा माणसाला होणारा रोग आहे, असे आपण म्हणतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण मजूर आणि अल्पभूधारकांच्या घरात तो साऱ्या घराला होतो, कारण अशा घराजवळ शिलकीतले माणूस नसते. नोकरदार माणूस आजारी पडला तर त्याला रजा असते. निदान काही महिने पगार येतो. शेतमजूर बाई अंथरुणाला खिळली म्हणजे तिची मजुरी त्याच दिवशी बंद होते. तिला घेऊन जाणाऱ्या नवऱ्याची मजुरीही बंद होते. म्हणजे मिळकत शून्यावर येते ती नेमकी खर्च वाढतो तेव्हा. शिवाय या बाईचे जे काम कोणी कधी मोजले नव्हते, म्हणजे पाणी भरणे, भाकरी, म्हाताऱ्यांचे पथ्य, मुलांच्या शाळेची तयारी, ते कोणावर तरी पडावेच लागते. ते थोरल्या मुलीवर पडते. थोरल्या मुलावर ते का पडत नाही, याचे उत्तर आपण आपल्याच घरात पाहावे.

दुसरी गोष्ट काळाची. उपचारांचे वेळापत्रक एकवीस दिवसांचे असते आणि शेतीचे वेळापत्रक पावसाचे. कोरडवाहू शेतीत डवरणीला आठ दिवस उशीर झाला तर तण पिकाच्या वर जाते. सोयाबीन वेळेवर सोंगले नाही तर शेंगा फुटून दाणा मातीत जातो. आपला हा पट्टा पूर्णेच्या खोऱ्यातला. जमिनीखालचे पाणी खारे, विहिरीच्या भरवशावर दुसरे पीक काढावे तर तेही नाही. एक हंगाम गेला म्हणजे वर्ष गेले. आजारी माणसाचे घर पुढच्या वर्षी सावकाराच्या दारात उभे असते ते पुष्कळदा औषधाच्या बिलामुळे नव्हे, तर न डवरलेल्या शेतामुळे.

आता राज्याने काय केले, तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. काहीच झाले नाही असे म्हणणे सोपे असते, पण ते खरे नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते. २०१७ साली या योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ साली ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार तिच्यात येतात. हा जनतेच्या पैशातून जनतेला मिळालेला हक्क आहे. त्याबद्दल कोणाचे उपकार मानण्याचे कारण नाही, आणि तो नाकारण्याचेही नाही.

सरकारी आरोग्य-लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट स्वागतार्ह आहे. पण या हिशेबात बुडालेली मजुरी नाही, झाडावर राहिलेला कापूस नाही, आणि नववीतून घरी बसलेली मुलगी तर नाहीच नाही. योजना रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते आणि दारापाशीच संपते. दाराच्या बाहेर पायरीवर जो नवरा भाकरीचे गाठोडे घेऊन बसलेला असतो, त्याला कोणत्याही योजनेत रकाना नाही.

ही पायरीवरची माणसे ज्याला सर्वांच्या आधी दिसली, तो आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस होता. शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा. गाडगे आणि खराटा एवढ्याच सामानावर हिंडणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी जी धर्मशाळा उभी केली, तिचे महत्त्व मात्र आपल्या पुरेसे लक्षात आलेले नाही. ती देवाच्या यात्रेकरूंसाठी नव्हती. खेड्यांतून रोगी घेऊन आलेल्या आणि रात्री फुटपाथवर पडणाऱ्या नातेवाइकांसाठी होती. रोग्याला खाट मिळाली तरी त्याच्या माणसाला आडोसा नसतो, आणि त्याचे माणूस कोलमडले की रोगी उपचार अर्धवट टाकून घरी परततो, हे या निरक्षर माणसाने ओळखले होते. आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात आलेली खेड्यापाड्यांतील कुटुंबे उतरतात.

ते टाटा रुग्णालय १९४१ साली परळला उभे राहिले. परळ म्हणजे गिरणगाव. वऱ्हाडचा कापूस वर्षानुवर्षे ज्या मुंबईच्या गिरण्यांत गेला, तिथला मुलूख. बडनेऱ्याहून साडेसहाशे किलोमीटरहून अधिक अंतर. कापूस गेला त्याच रेल्वेच्या वाटेने आता आपला रोगी जातो. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवला. तीच पेढी पुढे आपल्या भातकुली तालुक्यातून पूर्णेकडे जाते. त्यांच्या पुण्यतिथीला आपण रस्ते झाडतो, ते योग्यच आहे. परंतु रुग्णाच्या नातेवाइकाला रात्रीचा आडोसा देण्याचा त्यांचा विचार गावातल्या घरापर्यंत आणणे, हे काम आपण अजून हाती घेतलेले नाही.

आपल्या जिल्ह्याने दुसराही एक थोर माणूस याच रोगात गमावला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने गेले. आज नागपूरच्या कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव आहे. 'ग्रामगीते'त त्यांनी गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला, याचा अर्थच असा की आरोग्य ही गावाने मिळून पाहावयाची गोष्ट आहे, असे ते मानीत. या दोघांची नावे मी भक्तिभावाने घेत नाही. या मातीत या विचाराला मूळ आहे, तो बाहेरून आणावयाचा नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता एका आक्षेपाचा विचार करणे जरूर आहे. तो आक्षेप आपल्याच साथींचा आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात : "रुग्णसेवा, भाकरी पोहोचविणे, मुलांना शिकविणे, ही धर्मादाय कामे आहेत. ती आपण करू लागलो की राज्य आपल्या जबाबदारीतून सुटेल. आपले काम हक्क मागण्याचे. दानधर्म करण्याचे नव्हे." मीही अनेक वर्षे असेच बोलत होतो. अर्थसंकल्प कमी करावयाचा आणि लोकांना सेवाभावाचे धडे द्यावयाचे, ही राज्यकर्त्यांची युक्ती आपण पुष्कळदा पाहिली आहे. त्यामुळे या शंकेत तथ्य आहे.

पण तिचे उत्तर केरळात प्रत्यक्ष कामाने मिळाले आहे. १९९३ साली कोझिकोडे येथे काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्याचे काम सुरू केले. थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानी आले की दवाखाना उघडून भागत नाही, रोगी घरात आहे आणि घर गावात आहे. म्हणून शतकाच्या वळणावर मलप्पुरम् आणि आसपासच्या भागांत शेजाऱ्यांची जाळी उभी राहिली. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकेल अशा कोणाही माणसाला, मग तो शेतकरी असो, शिक्षक असो की विद्यार्थी असो, थोडे शिक्षण देऊन शेजारच्या रोग्याशी जोडून देण्यात आले. डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पैसा प्रामुख्याने गावातूनच, लहान लहान रकमांनी आला. आणि याचा परिणाम काय झाला? राज्य जबाबदारीतून सुटले काय? नाही. २००८ साली केरळ शासनाला या सेवेचे धोरण जाहीर करावे लागले आणि ग्रामपंचायतींनी ते काम आपल्या योजनांत घेतले. ज्या लोकांनी रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या गरजा पाहिल्या होत्या, त्यांनाच शासनाकडे नेमके काय मागावयाचे हे कळले होते. आपण मात्र न पाहता मागणी करतो, म्हणून आपल्या मागण्या मोघम राहतात आणि त्यांना मोघम आश्वासने मिळतात.

तेव्हा कामाची वाटणी अशी आहे. किरणोपचाराचे यंत्र गाव विकत घेऊ शकत नाही. ते राज्यानेच द्यावे, जवळ द्यावे आणि चालते ठेवावे. उलट, सकाळी सातला दुसऱ्याच्या घरी चूल पेटविण्यास शासकीय निर्णय उपयोगाचा नाही; ते शेजाऱ्यानेच केले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या जागी येऊ शकत नाहीत.

आपल्याकडे इर्जिक आणि सावड हे जुने शब्द आहेत. एखाद्याचा बैल मेला, शेत मागे पडले, की गाव आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरे. ही प्रथा चांगली होती, पण तिचे गोडवे गाताना तिची मर्यादा विसरू नये. सावड ही परतफेडीची असते; आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. ज्याच्याजवळ बैल नाही, औत नाही, जमीन नाही, तो तिच्यात बरोबरीने नसे. कर्करोगाच्या घराला तर परतफेड शक्यच नसते. म्हणून आपल्याला सावडीची रीत घेऊन तिच्यातला हिशेब सोडून द्यावा लागेल.

प्रत्यक्षात काय करावयाचे? मी सहा कामे आपल्यापुढे ठेवतो. प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस आणि वारांची यादी असावी, एवढाच माझा आग्रह आहे. कारण "काही लागले तर सांगा" असे म्हणणारी माणसे पुष्कळ असतात, पण संकटातले माणूस सांगत नाही.

पहिले काम शेताचे. कुटुंबाला विचारून डवरणी, निंदण, सोंगणी आणि वेचणी यांचे दिवस आधी लिहून घ्यावेत आणि त्या दिवशी पाच-सात माणसे तिथे हजर असावीत. दुसरे काम चुलीचे. सात घरांनी सात वार वाटून घ्यावेत. तिसरे काम मुलांच्या शाळेचे. मुख्याध्यापकांना भेटून त्या घरातील मुलांवर लक्ष ठेवण्यास सांगावे, आणि लागोपाठ तीन दिवस मूल गैरहजर दिसले की कोणीतरी त्याच दिवशी घरी जावे. मुलीची शाळा सुटली की ती पुन्हा सुरू होणे किती अवघड असते, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

चौथे काम प्रवासाचे. रोग्याबरोबर प्रत्येक वेळी नवऱ्यानेच जावे असे नाही. आळीपाळीने दुसऱ्या कोणी गेले तर त्याची मजुरी वाचते. कर्करोगाच्या रोग्याला उपचारांसाठी जाताना रेल्वेत शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्यालाही मोठी सवलत असते. यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे आपली माणसे पूर्ण भाडे देत राहतात.

पाचवे काम कागदांचे, आणि ते आपल्यासारख्यांना उत्तम येते. आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार यांतील नावांचा मेळ आधी घालून ठेवणे, रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठणे, तहसीलदारांकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करणे. कर्करोगासारख्या दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणारी व्यक्ती या योजनेत बसते. २०२३ साली हे अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. रक्कम अपुरी आहे, ती वाढविण्यासाठी आपण भांडलेच पाहिजे; पण जी आहे ती दाखल्यांच्या खेपांत बुडू नये, हे पाहणेही आपलेच काम आहे. रोग्याने दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढाव्यात आणि कार्यकर्त्याने मोर्च्यात घोषणा द्याव्यात, ही वाटणी उलट झाली पाहिजे.

सहावे काम सर्वांत कठीण, ते उशाशी बसण्याचे. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. त्याच ताटात जेवल्याने, मुलाने आईच्या कुशीत झोपल्याने तो होत नाही. तरीही कित्येक घरांत रोग्याचे भांडे वेगळे होते आणि शेजारीण उंबरठ्याबाहेरून बोलून जाते. याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात कुष्ठरोग्यांना जवळ केले, त्यांच्या हातांना काम दिले. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी जी भीती मोडावयास घेतली, तिचेच दुसरे रूप आज आपल्याला मोडावयाचे आहे. आणि जेथे रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल तेथेही वेदना कमी करता येतात. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिनसारखे वेदनाशामक मिळणे अतिशय दुरापास्त झाले होते; २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती अडचण बरीच कमी झाली. रोगी कण्हत पडलेला असता "आता देवाच्या हाती" असे म्हणून आपण परत येऊ नये. वेदना कमी करणारे औषध आपल्या तालुक्यात कोठे मिळते, कोठे मिळत नाही, आणि का मिळत नाही, हा प्रश्न आरोग्य अधिकाऱ्यांना विचारण्याचा ठराव मी आजच्या बैठकीपुढे ठेवीत आहे.

या सहा कामांत चुलीच्या कामाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आपली खरी परीक्षा तिथे आहे. सात घरांनी सात वार वाटून घेतले म्हणजे ती सात घरे एका जातीची असणार काय? बौद्ध वस्तीतल्या घरातून आलेली भाकरी पाटलाच्या घरचा रोगी खाईल काय? आणि बौद्ध वस्तीत कोणी आजारी पडले तर वरच्या आळीतल्या घरांतून डबा निघेल काय? वर्गणीला जात नसते. नोटेवर कोणाचा हात लागला हे दिसत नाही. भाकरीवर ते दिसते. म्हणूनच आपल्याला वर्गणी सोपी वाटते. जातिनिर्मूलनाचे ठराव आपण अनेक बैठकांत एकमताने केले आहेत. ते खरे होते की नाही, हे एखाद्या आजारी घराच्या स्वयंपाकघरात ठरेल. तसेच हे काम आपल्या घरच्या बायकांवर ढकलून आपण सभेला येऊन बसलो, तर एका मुलीवरचे ओझे काढून दुसऱ्या बाईवर ठेविले, एवढेच होईल. चुलीच्या यादीत पुरुष कार्यकर्त्यांची नावे पाहिजेत, आणि ती स्वतःच्या हाताने भाकरी थापणाऱ्यांची पाहिजेत.

आणखी दोन पथ्ये सांगतो. मदत देताना छायाचित्र नको, मंच नको, फलक नको. आम्ही त्या माणसाला मंचावर उभे केले तेव्हा तो मान खाली घालून उभा होता. आम्हाला ती कृतज्ञता वाटली. तो संकोच होता, हे आज कळते. ज्याला आपण बरोबरीचा नागरिक म्हणतो, त्याला आपल्या औदार्याचा साक्षीदार म्हणून उभे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरे पथ्य असे की घराला विचारल्यावाचून काही करू नये. कोणाला स्वयंपाकाची मदत हवी असेल, कोणाला नको असेल. कोणाला आजाराचे नाव गावात व्हावयास नको असेल. ठरविण्याचा अधिकार त्या घराचा. आपण फक्त हजर राहावयाचे.

आणि हे सारे करीत असता रोगाच्या मुळाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ माणसे तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण आपल्या विदर्भात खर्रा घोटला जातोच आहे, आणि तो आपल्या बैठकांतही फिरतो. आज समोर बसलेल्या काही साथींच्या गालात तो या क्षणी आहे. मी नाव घेत नाही. तोंडातला पांढरा डाग, न भरणारी जखम, छातीतली गाठ, बाईच्या अंगावरून अवेळी जाणारे रक्त, या गोष्टी लाजेने वा हंगामाच्या सबबीवर लपवू नयेत, हे घरोघर सांगणे हेही प्रचाराचेच काम आहे. ज्या माउलीची हकीकत मी सांगितली, तिने सोंगणी होईपर्यंत गाठ लपविली, कारण तिच्या जागी शेतात उभे राहणारे कोणी नव्हते. तसे कोणी आहे हे तिला आधी ठाऊक असते, तर कदाचित ती मृगातच दवाखान्यात गेली असती. शेजार हा केवळ आजारानंतरचा आधार नाही. वेळेवर निदान होण्याचीही ती एक अट आहे, असे मला वाटते.

माझी सूचना मोठी नाही. साऱ्या तालुक्याचे काम आजच अंगावर घेऊ नये. घेतले तर ते कागदावर राहील. येथे बसलेल्यांनी आपापल्या गावात आजारी माणूस असलेले एक घर निवडावे आणि वर्षभर ते सोडू नये. दर महिन्याच्या बैठकीत किती रुपये जमले, हे विचारण्याऐवजी त्या घरातले मूल शाळेत जाते काय आणि शेत डवरले काय, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

त्या मुलीला शाळेत परत आणण्याचा प्रयत्न आम्ही या वर्षी सुरू केला आहे. बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसण्याचा अर्ज भरला आहे. ती दिवसा कामाला जाते आणि संध्याकाळी आमचे एक शिक्षक साथी तिला गणित शिकवितात. ती उत्तीर्ण होईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. जी दोन वर्षे गेली ती परत येणार नाहीत, आणि तिची आईही नाही. पण तिचा धाकटा भाऊ आता सातवीत आहे आणि त्याच्या डब्याची यादी आमच्या खिशात आहे. मंगळवार माझा आहे.

उद्या मंगळवार आहे, म्हणून मला आज रात्रीच्या गाडीने परतले पाहिजे.